रंध्याच्या गालावरची रेघ

प्रश्न : सर, मी डिचोलीत राहतो, हायस्कुलात गणित शिकवतो आणि सुट्टीत सुतारकामाचा नाद करतो. वडिलांचा लाकडी रंधा घरात आहे, पण पाचर ठोकून पातं बसवणं मला कधी जमलं नाही. म्हणून यंदा धीर करून पाच नंबरचा लोखंडी रंधा ऑनलाइन मागवला, चार हजार दोनशे रुपयांचा. खोका आला तोच एक कोपरा चेपून. आत रंध्याच्या डाव्या अंगाला, तोंडाच्या बरोबर वर, केसासारखी बारीक रेघ दिसते, अर्ध्या इंचाची. विक्रेत्याला फोटो पाठवला. तो म्हणतो, ''ओतकामाची खूण आहे, कामाला काही होत नाही, ठेवून घ्या, बाराशे रुपये परत देतो.'' बायको म्हणते परत करा. गॅरेजवाला मित्र म्हणतो, वेल्डिंग मारून देतो, बाराशे खिशात घाल. चवथीपूर्वी गणपतीचा नवा चौरंग करायचा आहे. हा परत पाठवला तर दुसरा कधी येणार? परतीची मुदत सात दिवसांची, त्यातले तीन गेले. काय करू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमची मेल आली त्याच संध्याकाळी मी फोन केला, ते बरं झालं. मासिकाच्या अंकाची वाट बघितली असती तर तुमची मुदत संपून वर गणपतीही विसर्जन झाले असते. फोनवर घाईत जे बोललो ते इथं नीट लिहितो, कारण असली पत्रं पावसाळ्यात हमखास येतात. आपल्याकडे चवथीच्या आधी घराघरात हत्यारं बाहेर निघतात आणि नवी मागवली जातात.

पहिला प्रश्न ठेवायचा की परत करायचा हा नाहीच. रेघ कसली आहे हा पहिला प्रश्न. विक्रेता 'ओतकामाची खूण' म्हणाला, तिथंच मला शंका आली. ओतीव लोखंडावर साच्याच्या खुणा राहतात हे खरं, पण त्या राहतात आतल्या खडबडीत, रंग मारलेल्या भागावर. रंध्याचा तळ आणि दोन्ही बाजू ओतल्यानंतर मशीनवर घासून चकचकीत केलेल्या असतात. साच्याची रेघ त्या घासण्यातच निघून जाते. घासलेल्या बाजूवर रेघ दिसते म्हणजे ती नंतर आलेली. उरला ओरखडा नाहीतर तडा.

ते ओळखायला मी तुम्हाला खडूची युक्ती सांगितली. तुम्ही मास्तर, खडूला तोटा नाही. रंधा पूर्ण सोडवायचा, पातं, त्यावरची टोपी, मूठ सगळं बाजूला. रेघेच्या जागी रॉकेल लावायचं, नसेल तर डिझेल. पंधरा-वीस मिनिटं गप्प बसायचं. मग सुक्या फडक्याने इतकं पुसायचं की बोट फिरवलं तर ओलं लागता कामा नये. त्यावर खडूची भुकटी हलकेच चोळायची आणि वाट बघायची. ओरखडा असेल तर खडू पांढराच राहतो. तडा असेल तर आत शिरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. कारखान्यात यासाठी रंगीत द्रव आणि फवारे मिळतात. तत्त्व तेच.

तुम्ही अर्ध्या तासाने फोन केलात. रेघ उमटली होती, आणि अर्ध्या इंचाची नव्हे. डोळ्यांना दिसत होती त्याच्या पुढे खाली तळाच्या कडेपर्यंत गेली होती, आतल्या बाजूलाही तिची जोडीदारीण निघाली. म्हणजे गाल, रंध्याची बाजूची भिंत, आरपार तडकलेला.

दुसरी परीक्षा वाजवून बघायची. डिचोलीच्या माणसाला ती मी काय शिकवणार? तुमच्या बाजारात मडकं विकत घेताना बायका बोटाच्या पेराने वाजवतात, तसंच. सोडवलेला रंधा दोरीला टांगून हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच मारायचं. पण यावर फार विसंबू नका. हे राखाडी ओतीव लोखंड मुळात पोलादासारखं वाजतच नाही. चांगला रंधाही जरा बोदाच वाजतो, आणि शेजारी दुसरा धड रंधा नसेल तर तुलना कशाशी करणार?

आता तडा कुठं आहे ते बघू. सगळा निकाल त्यावरच आहे. पाच नंबर म्हणजे चौदा इंच लांब आणि दोन इंच रुंद पात्याचा रंधा. (अमेरिकेत स्टॅन्ली कंपनीने 1869 मध्ये लिओनार्ड बेलीची पेटंटं विकत घेतली. आज कुठल्याही देशात बनलेला लोखंडी रंधा बघा, घडण बहुतेक त्या बेलीचीच असते.) या चौदा इंचांच्या तळाला एका ठिकाणी आडवी खाच असते, पातं बाहेर यायचं तोंड. म्हणजे तळ तिथं जवळजवळ कापलेला. पुढचा भाग आणि मागचा भाग एकत्र कोण धरतं? तोंडाच्या दोन बाजूंना उरलेली बोटभर पट्टी आणि वरचे दोन गाल. तुमचा तडा त्या गालातच आहे. रंधा मारताना मागून मुठीला रेटता, पुढच्या गोंड्यावर दाबता, आणि पात्यावरची टोपी घट्ट आवळली की पात्याच्या बैठकीवर आणखी ताण येतो. हा सगळा ताण नेमका त्या जागेतून जातो. रंधा पडून फुटतो तोही बहुधा तिथूनच. तुमच्या खोक्याचा कोपरा चेपला तेव्हा हेच झालं असणार.

ओतीव लोखंड दाब झेलतं, ताण झेलत नाही. त्याच्या आत ग्राफाइटच्या चपट्या पापड्या पसरलेल्या असतात. त्यांच्यामुळे कंप जिरतो, तळ सरळ राहतो, घासायला सोपं जातं, म्हणून तर त्याचे रंधे करतात. पण प्रत्येक पापडीचं टोक म्हणजे तडा सुरू व्हायला तयार जागा. पोलाद आधी वाकून सूचना देतं, हे देत नाही. 1943 मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस या धातुशास्त्रज्ञाने वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम मिसळून पापड्यांच्या जागी गोळ्या केल्या. ते लोखंड बरंच चिवट. काही महागडे रंधे आज त्याचे येतात. बेचाळीसशेच्या रंध्यात ती अपेक्षा धरू नये.

तेव्हा माझं उत्तर : परत करा. वहिनींचं बरोबर आहे.

बाराशे रुपयांबद्दल थोडं बोलतो, कारण तुमच्या मेलमध्ये त्या बाराशेंचा उल्लेख दोनदा आहे. मीही असल्या सवलतीला एकदा भुललोय. नोकरीत नवा होतो, घरच्या पडवीत स्वतःची छोटी कार्यशाळा मांडत होतो. गोव्याबाहेरच्या एका व्यापाऱ्याकडून व्हाइस, म्हणजे काम जबड्यात आवळून धरायचा शेगडा, मागवला, लॉरीने आला. जबड्याच्या मुळाशी रेघ. व्यापाऱ्याला ट्रंककॉल लावला तर तो म्हणाला, दीडशे रुपये कमी द्या आणि विषय संपवा. त्या काळी दीडशे म्हणजे मला मोठी रक्कम. ठेवून घेतला. चार महिने नीट चालला, मी आपला शहाणा. मग एका दुपारी बायकोच्या आदोळीचं, म्हणजे विळीचं, पातं सैल झालं होतं म्हणून ते व्हाइसमध्ये धरून आवळलं. जोरही फार लावला नव्हता. टक्कन आवाज आला आणि जबडा खाली. पाय वाचला, पण पडवीची लादी फुटली. ती लादी आजही तशीच आहे. दोनदा बदलायला काढली, बायको बदलू देत नाही. पाहुणे आले की दाखवते, ''हे आमच्या ह्यांचे दीडशे रुपये.''

तुम्ही गणिताचे मास्तर, हिशेब करा. बाराशे परत मिळाले म्हणजे रंधा तीन हजारांना पडला. तडा गालात, म्हणजे आज ना उद्या दोन तुकडे. मग तीन हजारांना तुम्हाला एक पातं आणि एक टोपी मिळाली.

तुमच्या गॅरेजवाल्या मित्राला नमस्कार सांगा, त्याच्या हाताबद्दल शंका नाही. ओतीव लोखंड वेल्ड होतं. निकेलची कांडी लागते, आधी सगळा भाग तापवावा लागतो, थोडंथोडं मारून नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश थंड करावा लागतो, नाहीतर वेल्डच्या शेजारीच नवा तडा जातो. जुन्या इंजिनच्या ब्लॉकला हे करणं ठीक, तिथं बाजूचा पृष्ठभाग अर्धा मिलिमीटर हलला तरी चालतो. रंध्याचा तळ कागदाच्या जाडीइतका हलला तरी तो रंधा नव्हे. पितळ वितळवून सांधायचं ब्रेझिंग जरा सौम्य पडतं, पण तापायचं तेही तापतंच. आजोबांचा रंधा असता तर मीच म्हटलं असतं, जा, करून घे. नव्या कोऱ्या वस्तूवर हा उपद्व्याप कशाला?

आणि एक. मित्राने कांडी टेकवली, किंवा तुम्ही नुसता काचेवर पॉलिशपेपर ठेवून तळ घासायला घेतला, की परत करायचा हक्क अडचणीत येतो. 1930 च्या माल विक्री कायद्यात आहे, माल हातात आल्यावर तो आपलाच समजून त्यावर काही केलं, किंवा नाकारतो असं न कळवता बरेच दिवस ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. खडूची परीक्षा चालेल, तपासून बघणं हा तुमचा हक्कच आहे. खडू मात्र पुसून टाका.

विक्रेता अजून आढेवेढे घेत असेल तर फोनवर वाद घालू नका. लिहून पाठवा : ''माल सदोष आला आहे, मी तो स्वीकारत नाही, घेऊन जा आणि पैसे परत करा.'' एवढंच. बरोबर चेपलेल्या खोक्याचा, त्यावरच्या चिठ्ठीचा आणि खडूतल्या रेघेचा फोटो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, मग त्याने पानावर काहीही लिहिलेलं असो. ज्या साइटवरून घेतला तिथं तक्रार अधिकारी असावाच लागतो. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. तेही झालं नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार घालता येते, विक्रेता दिल्लीचा असो की लुधियान्याचा, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. बेचाळीसशेसाठी तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. 1915 चा नुसता उल्लेख केला तरी पुष्कळांना कंठ फुटतो.

पैसे मागायचे की दुसरा रंधा? मी दुसरा रंधा मागेन, पण एका अटीवर. तुम्ही सांगितलंत की आत फक्त एक पातळ प्लास्टिकची पिशवी होती आणि रंधा खोक्यात खडखडत होता. तसाच बांधला तर दुसराही तसाच येणार. नीट बांधून पाठवतो असं लेखी देत असेल तर घ्या, नाहीतर पैसे घेऊन मोकळे व्हा. हाताने उचलून, उजेडात धरून बघता येईल असं दुकान मडगावात किंवा पणजीत शोधा. दोन-चारशे जास्त पडतील, पडू देत.

परत पाठवताना रंध्याला तेलाचा हात फिरवून मगच पिशवीत घाला. तुम्ही म्हणाल, परतच जाणार तर मला काय त्याचं? जुलैच्या हवेत उघडं लोखंड दोन रात्रींत लाल होतं, आणि मग ''गंज तुमच्याकडे लागला'' म्हणायला समोरच्याला निमित्त मिळतं.

याच रंध्याची मूठ मोडून आली असती तर मी उलट सल्ला दिला असता. बाराशे घ्या आणि गप्प बसा. प्रवासात मूठ मोडणं हे नेहमीचं, आणि मूठ म्हणजे लाकूड, ते आपल्या हातातलं. फणसाच्या तुकड्याची एका रविवारी होते. फक्त लाकडाचे रेषे तळाला समांतर, पुढून मागे जातील असे धरा. उभे धरलेत तर मुठीची बारीक कंबर पुन्हा तिथंच मोडेल. बाजूचा रंग उडाला, टोपीवर चरा पडला, तरी तेच म्हटलं असतं.

राहिला चौरंग. चवथ तुमच्या रंध्यासाठी थांबणार नाही, तेव्हा वडिलांचा रंधा काढा. पाचर जमत नाही म्हणता, पण तुम्ही ती फार जोरात ठोकत असणार. नवशिके सगळे तसंच करतात. पातं तळाच्या बरोबरीत ठेवा, पाचर अंगठ्याने दाबून बसवा आणि हातोडीची एकच हलकी टिचकी. पातं थोडं बाहेर हवं असेल तर पात्याच्या डोक्यावर मारा, आत घ्यायचं असेल तर रंध्याच्या मागच्या टोकावर मारा. प्रत्येक टिचकीनंतर रंधा उलटा करून तळावरून डोळा लावा, पातं काळ्या दोऱ्यासारखं दिसलं की पुरे. सागाच्या तुकड्यावर हात बसवा आणि मगच चौरंगाच्या फळीला लागा. तुमच्या वडिलांनी आयुष्यभर त्यावर काम केलं, चौरंगापुरता तो तुम्हालाही साथ देईल.

(छापायला देताना कळलं : विक्रेत्याने तिसऱ्या दिवशी रंधा नेला, पैसे आले. चौरंगाची फळी वडिलांच्या रंध्यावर चालू आहे.)

प्रश्न : आमचं सावईवेऱ्याला कुळागर आहे. माडांखालचं आणि पोफळींखालचं गवत काढायला माणसं मिळत नाहीत म्हणून पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन मागवलं. पात्यावरचा प्लास्टिकचा गार्ड तुटून आला. कंपनी म्हणते, नवा गार्ड दहा दिवसांत पाठवतो, तोवर वापरा. मुलगा म्हणतो आई, गार्ड काढूनच टाकू, सगळे तसंच वापरतात. ठेवू की परत करू?
— एक गृहिणी, सावईवेरे

उत्तर : ताई, मुलाला सांगा, सगळ्यांच्या नडग्या बघून ये. पातं मिनिटाला हजारो फेरे फिरतं आणि तुमच्या कुळागरात गवताखाली जांभ्याचे खडे. गार्डाशिवाय एक दिवसही नको. दहा दिवस गवत वाढेल, वाढू दे.

पण नुसता गार्डच तुटला असेल तर मशीन परत करायची गरज नाही. नवा गार्ड येईल, चार स्क्रूंचं काम. मला काळजी दुसरीच. ज्या धक्क्याने गार्ड तुटला त्याने नळी वाकली नाही ना? आतून फिरणारा दांडा त्याच नळीतून जातो. प्लगची टोपी काढून ठेवा, म्हणजे मशीन चुकून सुरू होणार नाही. हातात जाड मोजा घालून पात्याचं डोकं हळूहळू फिरवून बघा. एकसारखं फिरलं तर ठीक. एका जागी जड लागलं, किंवा पातं वरखाली डुलताना दिसलं, तर गार्डाचं बोलणं सोडा आणि पूर्ण मशीन बदलून मागा.

आणि हे सगळं पेट्रोल घालायच्या आधी. एकदा टाकीत पेट्रोल गेलं की कुरिअरवाला ते मशीन उचलत नाही, ज्वालाग्राही म्हणून. टाकी रिकामी केली तरी वास राहतो. माझ्या ओळखीच्या एकाचं मशीन याच कारणाने परत गेलं नाही. पडवीत आहे, त्यावर कोंबडी बसते.

प्रश्न : नवीन पटाशांचा संच आला, सहापैकी दोघींवर गंजाचे ठिपके. परत करू का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : ठिपके कुठं, ते लिहिलं नाहीत. दांड्यावर किंवा उताराच्या बाजूला असतील तर तेल आणि बारीक स्टीलवूल घेऊन पुसा, पाच मिनिटांत जातील. पाठीच्या सपाट बाजूला, धारेपासून इंचभरात असतील तर आधी पुसून नखाने चाचपा. नख अडकलं म्हणजे खड्डा आहे. धार पाठ आणि उतार मिळून होते. पाठीला खड्डा असेल तर धार लावताना तो पुढे सरकत येईल आणि धारेला दाता पडेल. तसं असेल तर त्या दोन बदलून घ्या. चार ठेवा, पण त्यांनाही आजच तेल लावा.